वॉकर, फुलर, टकर: एकाच धंद्याची तीन इंग्रजी आडनावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वॉकर म्हणजे ‘चालणारा’ का?

पायांचा संबंध आहे, पण रस्त्याने चालण्याशी नाही. नुकतंच मागावरून उतरलेलं लोकरी कापड कुंडात घालून तुडवणारा कारागीर म्हणजे वॉकर. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं, उलटपालट करणं असा होता. त्यावरून हे काम करणाऱ्याला ‘वेआल्केरे’ म्हणत. ‘चालणं’ हा अर्थ त्या क्रियापदाला मागाहून आला आणि आज तेवढाच उरला, म्हणून हा गैरसमज.

फुलर आणि टकर हीसुद्धा याच कारागिराची नावं आहेत. फुलरच्या मुळाशी लॅटिन ‘फुल्लो’ आहे. तो शब्द जुन्या इंग्रजीत आधीच रुळला होता, नॉर्मन फ्रेंचमुळे त्याला आणखी बळ मिळालं. टकर आला ‘तूकियन’वरून, म्हणजे छळणं, हाल करणं. कापडाचं जे काही केलं जायचं ते पाहता हे नाव फारच प्रामाणिक म्हणावं लागेल.

विणून तयार झालेलं कापड तुडवायचं कशाला?

कारण ते तयार झालेलं नसतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ, खरखरीत आणि तेलकट असतं. लोकर पिंजताना आणि कातताना तिला तेल किंवा लोणी लावत, ताण्याला खळ दिलेली असे, शिवाय मेंढीची मूळची चरबी थोडीफार उरलेली. हे सगळं धुऊन काढणं हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे कापड आटवणं. लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की केस मुळाच्या दिशेने सरकतो, पण खवल्यांमुळे परत मागे येत नाही. असे लाखो केस एकमेकांत अडकले की वीण दिसेनाशी होते, पन्हा आणि लांबी कमी होते, कापड दाट होतं. तिसरा हिस्सा आटणं ही नेहमीची गोष्ट होती. जाड कापड त्याहूनही जास्त आटे.

सुती आणि तागाच्या धाग्यावर असे खवले नसतात. म्हणून हा धंदा लोकरीचाच. लोकरीतही लांब केस विंचरून घट्ट पीळ दिलेलं वर्स्टेड कापड फारसं तुडवत नसत, कारण त्यात वीण स्पष्ट दिसणं हेच सौंदर्य.

कामाचा क्रम कसा असे?

आधी कापड उजेडात धरून गाठी, काड्या, गवताचे कण चिमट्याने काढत. मग शिळं मूत्र. ताजं चालत नाही. काही दिवस साठवलं की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तो अमोनिया लोकरीतल्या तेलाशी मिळून साबणासारखं काम करतो. रोमन काळातही हेच होतं; सम्राट व्हेस्पासियनने मूत्रावर बसवलेला कर याच धंद्यांमुळे शक्य झाला. यॉर्कशरमध्ये तर एकोणिसाव्या शतकातसुद्धा घरोघरचं मूत्र पिंपांत गोळा केलं जाई.

त्यानंतर ‘फुलर्स अर्थ’ नावाची चिकणमाती पाण्यात कालवून कापडावर ओतत. ती उरलेलं तेल शोषून घेते. माती धुऊन काढली की खरं तुडवणं सुरू होई: कोमट पाणी, साबण आणि दोन-तीन माणसांचे अनवाणी पाय. दर थोड्या वेळाने कापड बाहेर काढून, ताणून, घड्या बदलून परत घालायचं. मग वाहत्या पाण्यात खळबळून धुणं.

ओलं कापड मैदानात उभ्या केलेल्या लाकडी चौकटीवर, म्हणजे टेंटरवर, ताणून वाळवत. चौकटीच्या वरच्या-खालच्या आडव्या दांड्यांना काटकोनात वाकवलेले खिळे असत आणि कापडाचे काठ त्यांत अडकवले जात. खालची दांडी सरकती असल्याने पन्हा सारखा करता येई. शेवटी टीझल या झाडाची वाळलेली काटेरी बोंडं हातचौकटीत बसवून कापडावरून ओढत. त्याने लव उठे, आणि ती लव मोठ्या कात्रीने एकसारखी कापली की कापड मऊ होई. लोखंडी ब्रशापेक्षा टीझल बरं ठरलं याचं कारण साधं आहे. गाठ आली तर बोंडाचा काटा मोडतो, तार मात्र कापड फाडते.

यात काय काय बिघडे?

बरंच काही, आणि त्यातलं बहुतेक परत दुरुस्त होत नसे. आटलेलं कापड पुन्हा मूळ मापाचं करता येत नाही, त्यामुळे कधी थांबायचं हा अंदाज म्हणजेच या कारागिराची किंमत. पाणी थंड असेल तर कापड नुसतं भिजतं, आटत नाही. फार गरम आणि क्षार जास्त झाला तर लोकर राठ होते, ताकद घटते आणि आधी रंगवलेली असेल तर रंग सुटतो. घड्या वेळेवर बदलल्या नाहीत तर सुरकुती तिथेच पक्की होते. ती इस्त्रीने जात नाही. तेल पुरतं निघालं नसेल तर पुढे रंग डागाडागांनी बसतो. माती धुऊन निघाली नाही तर कापड वजनदार भासतं, आणि तेवढ्यासाठी ती मुद्दाम ठेवणारेही होते.

सर्वांत जुनी लबाडी टेंटरवरची. आटलेलं कापड चौकटीवर जोर लावून ओढलं की दोन-चार हात लांबी वाढवून विकता येई. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा पावसात घातलं की ते आपल्या खऱ्या मापावर परत येई. कापडाच्या मापांबद्दल इंग्लंडमध्ये शतकानुशतकं कायदे होत राहिले ते यासाठी. १२१५च्या मॅग्ना कार्टा या राजसनदेच्या ३५व्या कलमातही कापडाचा पन्हा दोन काठांच्या आत दोन एल (कापड मोजण्याचं जुनं माप) असावा असं घातलेलं आहे.

पाणचक्की आल्यावर तुडवणं संपलं. मग ‘वॉकर’ हे नाव कसं टिकलं?

चक्की नेमकी आडनावं घडत होती त्याच काळात पसरली. इंग्लंडमधल्या कापड कुटणाऱ्या चक्क्यांची सर्वांत जुनी ठळक नोंद ११८५ची आहे. टेम्पलर या लढाऊ धर्मसंघाच्या सरदारांनी आपल्या मालमत्तेची पाहणी केली तेव्हा यॉर्कशरमधल्या न्यूजॅमला आणि ग्लॉस्टरशरमध्ये अशी एकेक चक्की होती. पाण्याच्या चाकाच्या आसावर बसवलेल्या खुंट्या दोन जड लाकडी हातोड्यांना आळीपाळीने उचलत आणि सोडत. खालचं कुंड तळाला वक्र असे, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर कापड आपोआप थोडं फिरे.

पायांचं काम गेलं तरी माणसाला वॉकरच म्हणत राहिले, चक्कीला वॉकमिल. तेराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये शहराबाहेरच्या चक्क्यांवर कापड पाठवण्याविरुद्ध तक्रारी झाल्या, म्हणजे हातापायाने काम करणारे तेव्हाही बरेच होते. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडने ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात कापड ‘पायाखाली किंवा चक्कीत’ तयार होतं असं म्हटलं आहे, ते या मधल्या काळाचंच चित्र.

एकाच कामाला तीन शब्द का, आणि कोणता कुठला?

बोलींचा फरक. ढोबळ नकाशा असा: आग्नेय इंग्लंड आणि ईस्ट अँग्लियात (केंट, ससेक्स, सरे, एसेक्स, सफक, नॉरफक) फुलर, नैर्ऋत्येकडे (डेव्हन, सॉमरसेट, डॉर्सेट, कॉर्नवॉल) टकर, मिडलंड्स, उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये वॉकर. रेल्वे आणि कारखान्यांनी माणसं इकडची तिकडे केल्यावरही १८८१च्या जनगणनेत ही विभागणी ठसठशीत दिसते. इतक्या साध्या पुराव्यावर मध्ययुगीन बोलींचा नकाशा काढता यावा असं फार कमी आडनावांबाबत घडतं.

गावांची नावंही साथ देतात. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल आहे, बाथजवळही एक टकिंग मिल आहे. एक्झिटरमध्ये विणकर, फुलर आणि कातरकाम करणाऱ्यांच्या संघाची १४७१ची इमारत आजही उभी आहे आणि तिचं नाव टकर्स हॉल. लंडनमध्ये मात्र शब्द फुलर. तिथल्या फुलरांचा आणि कातरकाम करणाऱ्यांचा संघ १५२८मध्ये एकत्र होऊन क्लॉथवर्कर्स कंपनी झाली. वेल्समध्ये अशा चक्कीला ‘पांडी’ म्हणतात, टोनीपांडी या गावाच्या नावात ती आहे.

सीमा काटेकोर नव्हत्या, हेही लक्षात ठेवावं. लँगलंडच्या त्याच उताऱ्यात ‘फुल’ आणि ‘टक’ ही दोन्ही क्रियापदं शेजारी-शेजारी येतात. हॅम्पशरसारख्या सीमेवरच्या परगण्यांत तर तिन्ही सापडतात.

या तिघांत वॉकर इतकं जास्त का आढळतं?

वॉकर हे इंग्लंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पंचवीस आडनावांत बसतं, फुलर आणि टकर बरेच मागे. वॉकर शब्दाचा प्रदेशच मोठा. शिवाय स्कॉटलंडची भर, ज्यात तिथल्या जुन्या गेलिक भाषेतल्या ‘मॅक अन उखकदिर’ (कापड तुडवणाऱ्याचा मुलगा) या नावाचं इंग्रजीकरण होऊन झालेले वॉकरही आहेत. बाकी कुणाला किती मुलगे झाले, हा निव्वळ योगायोगाचा भाग.

हे आडनाव असलेल्या पूर्वजाने हाच धंदा केला असं धरता येईल का?

कोणत्या शतकातला पूर्वज, यावर उत्तर अवलंबून आहे. १२५०च्या सुमाराचा ‘ल वॉकर’ बहुतेक खरोखरच कापड तुडवत होता. तेव्हा हे आडनाव नव्हतं, ओळख होती. दक्षिणेत आणि शहरांत साधारण १३५०पर्यंत अशी नावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, उत्तरेत आणखी पन्नास-शंभर वर्षं लागली. त्यानंतरचा वॉकर लोहार, शेतकरी, पाद्री, काहीही असू शकतो.

पक्कं करायचं तर नोंदीत नाव आणि धंदा वेगवेगळे लिहिलेले शोधा. १३७७, १३७९ आणि १३८१च्या डोईपट्टीच्या याद्या यासाठी सोन्यासारख्या आहेत, त्यातही यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगची १३७९ची, कारण तिथे बऱ्याच माणसांपुढे धंदा दिला आहे. नाव वॉकर आणि धंदा शिंपी असं दिसलं की नाव वंशपरंपरागत झालं असं समजायला हरकत नाही. नाव वॉकर आणि धंदाही तोच असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

जुन्या कागदांत ‘फुल्लो’ लिहिलेलं असेल तर माणूस फुलर धरायचा का?

नाही. ही चूक हमखास होते. कारकून लॅटिनमध्ये लिहीत आणि तिन्ही शब्दांना लॅटिनमध्ये एकच प्रतिशब्द, फुल्लो. डेव्हनमधल्या नोंदीतला ‘रॉबर्टस फुल्लो’ गावात टकर म्हणूनच ओळखला जात असण्याची शक्यता जास्त, यॉर्कशरमधला वॉकर म्हणून. छापील अनुवादांत संपादकाने तो सरसकट फुलर केलेला असतो, आणि मग उत्तरेत फुलर घराणी उगवतात जी कधी नव्हतीच. शंका आली की मूळ लॅटिन मजकूर पाहावा.

स्पेलिंग वेगळं असेल तर?

वेगळ्या स्पेलिंगवरून वेगळं घराणं ठरवू नये. अठराव्या शतकापर्यंत एकाच माणसाचं नाव एकाच वहीत दोन प्रकारे येतं. टकरची टूकर, टोकर ही रूपं नेहमीची. दक्षिणेत फ चा उच्चार व कडे झुकतो, म्हणून फुलरचं व्होलर झालं आणि ते स्वतंत्र आडनाव म्हणून टिकलं. फाउलर मात्र यातला नाही. तो पक्षी पकडणारा.

या आडनावांचे दुसरे उगमही आहेत का?

आहेत, आणि म्हणूनच शब्दकोशातलं एक वाक्य वाचून थांबू नये.

न्यूकॅसल शहरात वॉकर नावाचा भाग आहे. त्या नावाचा अर्थ ‘भिंतीजवळची पाणथळ जागा’. भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची. त्या परिसरातल्या एखाद्या घराण्याचं आडनाव गावावरून आलेलं असू शकतं. राजाच्या जंगलात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही पंधराव्या शतकापासून वॉकर म्हणत, पण तोवर बहुतेक आडनावं ठरून गेली होती, त्यामुळे हा उगम कितीही रम्य वाटला तरी क्वचितच खरा असतो. आयर्लंडमधले काही टकर मुळात गेलिक ‘ओ तुआहकर’ घराण्यातले. त्यांचा कापडाशी संबंध नाही. जर्मन भाषेतही वॉकरच्याच स्पेलिंगचं आणि त्याच धंद्याचं आडनाव आहे, त्याचा उच्चार वाल्कर. अमेरिकेत गेल्यावर ते इंग्रजी वॉकरांत मिसळून गेले.

अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांत यातलं आडनाव असेल तर ते गुलामगिरीच्या काळात मालकाकडून आलेलं किंवा मुक्तीनंतर स्वतः घेतलेलं असू शकतं. तिथे इंग्लंडमधला परगणा शोधत बसण्यात अर्थ नाही.

सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद का?

नाहीत. हा धंदा गावोगाव होता, त्यामुळे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा लेस्टर विद्यापीठात ब्रिटिश आडनावांसंदर्भात अभ्यास झाला आणि २००९मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत साम्य खूप, स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावांत जवळजवळ नाही, असा त्याचा निष्कर्ष. वॉकर दुसऱ्या गटातलं. डीएनए चाचणी करायचीच तर निव्वळ आडनाव जुळतं म्हणून नको. दोन शाखांचा कागदोपत्री दुवा जवळपास सापडला असेल तेव्हा तो तपासायला करावी.

अशा घराण्याचा माग कसा काढायचा?

आजपासून मागे, एका वेळी एक पिढी. थेट १३७९च्या यादीत उडी मारून तिथला वॉकर आपला मानणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून, स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५पासून. विवाहाचा दाखला आधी मागवा, कारण त्यात वधू-वर दोघांच्याही वडिलांची नावं आणि धंदे मिळतात. जनगणना १८४१पासून दर दहा वर्षांनी. १८४१मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ दिसतो. यावरून जन्मसाल काढाल तर चुकाल. १९३१ची जनगणना आगीत गेली, १९४१ची झालीच नाही. ती पोकळी सप्टेंबर १९३९च्या नोंदवहीने भरून काढावी लागते.

१८३७च्या मागे चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा, पण बऱ्याच गावांत सुरुवातीची पानं उरलेली नाहीत. १५९८पासून त्यांच्या नकला बिशपकडे जात. मूळ वही हरवली असेल तर या नकला पाहाव्यात. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १७००ला बाप्तिस्मा झालेलं मूल आपल्या हिशेबाने १७०१चं. हे न कळल्याने मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं आणि शोधणारे उगाच दुसऱ्या घराण्यात शिरतात.

कुटुंब मुंबई इलाख्यात राहिलेलं असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत चर्चनोंदींच्या नकला आहेत. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३.

महाराष्ट्राच्या इतिहासात ही आडनावं कुठे भेटतात?

तिन्ही भेटतात. अलेक्झांडर वॉकर हा बडोद्याला गायकवाडांच्या दरबारातला कंपनीचा पहिला रेसिडेंट. काठियावाडच्या संस्थानिकांकडून घ्यायच्या खंडणीचा १८०७चा करार ‘वॉकर सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो. तो स्कॉटिश होता, म्हणजे नकाशाला धरूनच. १८७८मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. आणि सरकारी नोकरी सोडून आलेले फ्रेडरिक टकर (पुढे बूथ-टकर) यांनी सप्टेंबर १८८२मध्ये मुंबईत उतरून साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंघटनेचं भारतातलं काम सुरू केलं.

फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती का?

त्याच जातीची. दोन्हींत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजं असतात आणि तेल शोषण्याचा गुण एकच. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध खाणी सरेमध्ये नटफील्ड-रेडहिलला, बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ आणि बाथच्या परिसरात होत्या. परदेशी कापडधंद्याला फायदा होऊ नये म्हणून सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी होती.

याच कापडाच्या धंद्यातली दुसरी आडनावं कोणती?

वेब, वेबर, वेबस्टर आणि वीव्हर हे विणकर. डायर दक्षिणेतला रंगारी, लिस्टर उत्तरेतला. शर्मन आणि शिअरर लव कातरणारे, पण शिअरर मेंढ्यांची लोकर कातरणाराही असू शकतो. टोझर हा लोकर पिंजणारा आणि जवळजवळ हमखास डेव्हनचा. एखाद्या गावाच्या जुन्या यादीत टकर, टोझर आणि वेबर एकत्र दिसले तर तिथे कापडाचा मोठा धंदा होता असं बिनधास्त समजावं.

‘वॉकर घराण्याची मुद्रा’ (ढालीवरचं कुलचिन्ह) विकत मिळते, ती खरी असते का?

चित्र कुठल्या तरी वॉकरचं खरं असेलही, तुमचं मात्र नसतं. इंग्लंडमध्ये अशी मुद्रा एका व्यक्तीला दिली जाते आणि तिच्या थेट वंशजांकडे जाते. आडनावाला मुद्रा नसते. हक्क आहे की नाही हे लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स ठरवतं, आणि त्यासाठी पिढ्यांचा अखंड कागदी पुरावा द्यावा लागतो. स्कॉटलंडमध्ये हा अधिकार लॉर्ड लायनच्या न्यायालयाचा आहे आणि तिथे दुसऱ्याची मुद्रा वापरणं हा गुन्हा ठरतो.